निसर्गाचे कोणते, कारखान्याचे कोणते?

गेल्या आषाढी एकादशीस आम्हांस मोरिवलीस आमच्या आत्यांकडे जाण्याचा योग आला. अंबरनाथ म्हटले की सुशिक्षित वाचकांस शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख मिरविणारे शिलाहारकालीन शिवालय आठवते, आणि ते आठवावे हे योग्यच आहे. परंतु त्याच गावाची दुसरी ओळख कारखान्यांची. 1919 साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने येथे गंधकाम्लाचा व सुपरफॉस्फेट खताचा उद्योग मांडला होता. विमकोच्या आगपेट्या येथूनच निघून घरोघरच्या चुलीपाशी जाऊन बसल्या. पुढे 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि त्याच्या वसाहतींपैकी एक ह्या मोरिवलीच्या शिवारात उभी राहिली. ते जुने मोठे कारखाने आता राहिले नाहीत, पण लहानमोठी रासायनिक कामे अद्याप चालू आहेत, आणि वारा फिरला म्हणजे नाकास त्याची वर्दी मिळते.

आत्यांचे थोरले चिरंजीव अशाच एका कारखान्यात गेली सत्तावीस वर्षे रसायनज्ञ आहेत. अकरा माणसांचे ते एकत्र कुटुंब त्या पगारावर वाढले, मुले शिकली, मुलीची लग्ने झाली. आणि त्याच घरात आम्ही पाऊल टाकले तेव्हा आत्याबाई माजघरात पाटावर बसून, ‘केमिकल’ म्हणून जे जे काही असेल ते ते घराबाहेर काढण्याच्या उद्योगात गढलेल्या होत्या.

ह्याला कारण घडले होते. वैशाखात धाकट्या नातवाची मुंज झाली. तिच्या आदल्या दिवशी मधल्या सूनबाईंनी हातांवर मेंदी काढली. नेहमीची नव्हे, बाजारातून आणलेली, वेष्टनावर हिरवी पाने काढलेली, ‘शुद्ध नैसर्गिक’ असे ठळक छापलेली, आणि एका तासात काळीभोर रंगणारी. मुंजीच्या दिवशी मातृभोजनाच्या वेळी त्या माउलीच्या हातांस खाज सुटली. सायंकाळपर्यंत नक्षीच्या प्रत्येक रेघेवर फोड उठले. मुलाला मांडीवर घेऊन घास भरवायचा तो जावेने भरविला. हात बरे होण्यास महिना लागला, आणि वैद्यकीय सल्ला असा मिळाला की, ज्या द्रव्याने हे घडले ते केसांच्या बहुतेक काळ्या कलपांत असते, तेव्हा ह्यापुढे जन्मभर त्यापासून दूर राहावे.

द्रव्याचे नाव पॅराफेनिलीनडायअमीन. मेंदीच्या पानात जो रंग आहे तो नारिंगी-तांबडा. फार तर गडद होऊन तपकिरी होईल. काळा रंग मेंदीच्या पानात नाहीच. जी मेंदी तासाभरात काळी रंगते तिच्यात दुसरे काही तरी घातले आहे, हे ज्ञान आपल्या आज्यांना पुस्तकावाचून होते. पण वेष्टनावर पाने होती, वासही मेंदीचाच होता, आणि ‘रंग चांगला चढला’ म्हणजे मेंदी अस्सल हा समज तर पिढ्यान्‌पिढ्यांचा! सूनबाई अशिक्षित नाहीत. त्या पदवीधर आहेत. त्यांनी जी परीक्षा लावली ती आपण सर्वच लावतो, आणि म्हणूनच हा विषय वाचकांपुढे मांडावासा वाटला.

असो. आत्यांनी फडताळ रिकामे करून दोन ढीग मांडले होते: एक ‘निसर्गाचे’, दुसरा ‘कारखान्याचे’. चिरंजीव दारात उभे राहून पाहत होते. ते काही बोलत नव्हते, पण आईच्या तोंडून ‘केमिकल’ हा शब्द शिवीसारखा निघाला की त्यांचा चेहरा उतरे. ज्याच्या आयुष्याची सत्तावीस वर्षे त्या शब्दात गेली त्याला ते लागणारच.

पहिल्या ढिगात सर्वांत वर साबुदाणा होता. त्या दिवशीची खिचडी त्याचीच. चिरंजीवांस तेवढे राहवले नाही. “आई, हा कुठल्या झाडाला लागतो?” त्यांनी विचारले. आत्या म्हणाल्या, “उपासाला चालतो ना? मग झाले तर!” वाचकांपैकी अनेकींचे उत्तर ह्याहून निराळे नसेल. आता साबुदाण्याची कुळकथा पाहा. टॅपिओका नावाचे कंद मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ते किसून, धुऊन, त्यांचे सत्त्व निवळवून, त्या ओल्या पिठाचे दाणे वळून, तव्यावर भाजून, वाळवून साबुदाणा होतो. पूर्वी तो सिंगापूर-मलायाकडून येई. दुसऱ्या महायुद्धात ती वाट बंद झाली तेव्हा तामिळनाडूतील सेलमच्या बाजूस त्याचे कारखाने भरभराटीस आले. म्हणजे कंद परदेशी, करणी कारखान्याची, आणि मान एकादशीचा! बटाटा, रताळे, मिरची, शेंगदाणा ह्यांची मूळ घरेही अमेरिकेतच. ह्यात आत्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही, कारण दोन वाट्या खिचडी आम्हीही खाल्ली. सांगायचे ते इतकेच की, ‘नैसर्गिक’ हा निवाडा पदार्थ पाहून होत नाही. त्याची आपल्या घराशी किती पिढ्यांची ओळख आहे, हे पाहून होतो.

दुसऱ्या ढिगात पिवळ्याजर्द गुळाची ढेप होती, आणि पहिल्यात काळपट, मऊ गुळाचा गोळा. हा न्याय आत्यांनी अलीकडे शिकलेला. कारण त्यांच्याच तरुणपणी कोल्हापुरी गुळाची ढेप जितकी सोनेरी तितकी ती निर्मळ समजत. काळा गूळ गुरांना किंवा बाळंतिणीच्या काढ्याला. गुऱ्हाळात काहिलीतील रसावर येणारी मळी काढण्यासाठी गुळव्या जंगली भेंडीच्या खोडाचा चिकट रस घाली, थोडा चुना टाकी. चांगला ऊस, निगुतीने काढलेली मळी आणि आचेचा नेमका अंदाज ह्यांनी गुळाला रंग येई. म्हणून तो रंग म्हणजे कसबाची खूण होती. पुढे बाजाराने त्या रंगालाच जास्त भाव दिला. मग रंगच हवा ना, तर सोडियम हायड्रोसल्फाइट — ज्याला गुऱ्हाळावर नुसते ‘हायड्रॉस’ म्हणतात — चिमूटभर टाकले की रस उजळतो. गंधकाचा अंश गुळात किती उरावा ह्यास कायद्याने मर्यादा घालावी लागली. ही गोष्ट षट्कर्णी झाल्यावर गिऱ्हाइकाने उलटी उडी मारली: काळा तेवढा खरा! पण गूळ काळा होतो तो हलक्या उसामुळेही होतो, मळी नीट न काढल्यामुळे होतो, करपल्यामुळेही होतो. पूर्वी डोळ्याने पिवळे निवडले, आता डोळ्यानेच काळे निवडतो; फसणारा डोळा तोच राहिला आहे.

ह्या खेळाचा सर्वांत मोठा डाव आपल्या देशात तुपावर खेळला गेला. ह्या प्रसंगी आत्यांनी स्वतःच तो विषय काढला. त्यांच्या माहेरी, म्हणजे आमच्या आजोबांच्या घरी, ताडाच्या झाडाचे चित्र असलेला पिवळा डबा आणण्यास सक्त मनाई होती. लग्नकार्यात आचाऱ्याने तो आणलाच तर कोठीच्या मागे गोणपाटाखाली दडवून ठेवी. पंगतीत तूप आले की आजोबा ते थोडे मनगटावर चोळीत, हुंगीत, आणि मगच भातावर घेत.

तेलात जलवायु मिसळून, निकेल धातूच्या सान्निध्यात ते घट्ट करण्याची क्रिया नॉर्मान नावाच्या जर्मन रसायनज्ञाने 1902 साली पेटंट केली. प्रथम असे घट्ट तेल हॉलंडहून येथे येई. 1931 साली हिंदुस्तान वनस्पति मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली, मुंबईस शिवडीला तिचा कारखाना झाला आणि 1937 पासून ‘डालडा’ हे नाव घरोघर पोचले. आता गंमत अशी की, शुद्ध तुपाची जी लक्षणे गृहिणींना ठाऊक होती — रवा, पांढरा वा पिवळसर रंग, हातावर वितळणे — त्यांपैकी रवा हे मुख्य. तूप सावकाश निवू दिले की रवाळ होते. ही गोष्ट कारखानदारांनीही हेरली आणि वनस्पतीला रवा आणला. म्हणजे आपल्या आजीची कसोटी कारखान्याने अभ्यासिली आणि तिच्यात उत्तीर्ण होणारा माल काढला! वनस्पति ज्याने वनस्पति म्हणून विकली त्याला दोष देता येत नाही. पण ती तुपात मिसळून तूप म्हणून विकणाऱ्यांचे चांगलेच फावले.

मग सरकारने काय करावे? वनस्पतीला रंग द्या, म्हणजे भेसळ उघडी पडेल, अशी मागणी झाली. पण निरुपद्रवी असेल, तापविल्याने उडणार नाही आणि लबाडाला काढूनही टाकता येणार नाही, असा रंग काही केल्या हाती लागेना. अखेर वनस्पतीत शेकडा 5 तिळाचे तेल घातलेच पाहिजे असा नियम झाला. तिळाच्या तेलाचा गुण असा की, हायड्रोक्लोरिक अम्ल आणि साखर ह्यांच्याशी हलविले असता गुलाबी छटा उमटते. तूप म्हणून विकत घेतलेल्यात ती उमटली की लबाडी उघड. ही परीक्षा मनगटावर होत नाही, परीक्षानळीतच होते. आजोबांच्या मनगटाला हरवणारी वस्तू रसायनशास्त्राने पकडली, हे सांगताना चिरंजीवांचा आवाज त्या दिवशी प्रथमच मोकळा झाला.

वनस्पतीवर बंदी घालावी असे विधेयक पंडित ठाकुरदास भार्गव ह्यांनी 1950 साली संसदेत मांडले होते. ते कायद्यात उतरले नाही. वनस्पतीने दृष्टी जाते इत्यादी ज्या वदंता त्या काळी होत्या त्या टिकल्या नाहीत. परंतु अर्धवट घट्ट केलेल्या तेलात ‘ट्रान्स’ जातीची मेदाम्ले होतात व ती हृदयास अपायकारक असतात हे पुढे सिद्ध झाले, आणि 1 जानेवारी 2022 पासून आपल्याकडे तेलातुपांतील औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांस शेकडा 2 ची मर्यादा आहे. आजोबांचा संशय खरा ठरला म्हणावे तर त्यांची कारणे खोटी. कारणे खोटी म्हणून हसावे तर संशय खरा. ‘कारखान्यात झाले म्हणून वाईट’ हे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात अपाय कारखान्यात नव्हता, एका विशिष्ट क्रियेत होता. ती बदलता येते आणि बदलली आहे.

नावाचीही मौज पाहा. ‘वनस्पति’ ह्याहून हिरवे नाव कोणते? पण वीस-पंचवीस वर्षांत त्या संस्कृत शब्दाचा अर्थ ‘नकली’ असा होऊन बसला. उलट आत्यांच्या पहिल्या ढिगात, काळ्या गुळाशेजारी, वज्रदंतीची एक नळी सन्मानाने बसलेली होती, कारण ती ‘आयुर्वेदिक’. केशव विष्णु पेंढरकर ह्यांनी 1952 साली मुंबईत सुरू केलेल्या ह्या घराचे ‘विको’ हे नाव कशाचे संक्षिप्त रूप आहे, हे चिरंजीवांनी आईस सांगितले: विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. आत्यांनी नळी उचलली, चष्म्यातून पाहिली, आणि काही न बोलता जागच्या जागी ठेवली.

ह्या नळीचा न्यायालयातील इतिहास ह्या विषयास इतका लागू आहे की, तो येथे दिल्यावाचून राहवत नाही. औषधावर अबकारी कर कमी, प्रसाधनावर अधिक. तेव्हा विकोची हळदीची मलई व दंतमंजने औषधे की प्रसाधने, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयात विकोच्या बाजूने, ‘औषधे’ असा सुटला. परंतु त्याच न्यायालयाने त्यापूर्वी, नव्वदीच्या दशकात, बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाविषयी उलट निर्णय दिला होता. तेथे घटकद्रव्ये आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत एवढे पुरेसे मानले गेले नाही; सामान्य माणूस त्या वस्तूला औषध समजतो की रोजचे दात घासण्याचे मंजन समजतो, हा प्रश्न निर्णायक ठरला. म्हणजे कायद्यानेही अखेर गिऱ्हाइकाच्याच तोंडाकडे पाहिले! आणि गिऱ्हाईक कोण? आत्याबाई!

गिऱ्हाइकाच्या ह्या मनाचा अभ्यास अमेरिकेत पेनसिल्वानिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन ह्यांनी 2004 च्या सुमारास व त्यानंतर केला. त्यांस असे आढळले की, वस्तूत काय आहे ह्यापेक्षा तिच्यावर काय केले गेले ह्यावरून लोक तिचा नैसर्गिकपणा ठरवितात. काही काढून घेण्यापेक्षा काही घालणे लोकांना अधिक खुपते. झऱ्याच्या पाण्यात खनिज घातले आणि तेवढेच पुन्हा काढून घेतले, म्हणजे पाणी होते तसे झाले, तरी लोकांच्या लेखी ते पूर्वीइतके नैसर्गिक राहत नाही. दोन वस्तू रासायनिक दृष्ट्या तंतोतंत एकच आहेत असे सांगूनही, नैसर्गिक पसंत करणारे बहुतेक आपली पसंती बदलत नाहीत.

हे वाचून अमेरिकेतील लोकांस नवल वाटले असेल. आपल्या घरांत वाढलेल्यास वाटू नये. सोवळ्याच्या घागरीस ओवळ्याचा हात लागला तर पाण्यात काय फरक पडतो? काही नाही. तरी ते पाणी देवघरात जात नसे. वस्तू काय आहे ह्याहून ती कोणाच्या हातून, कोणत्या वाटेने आली हे पाहण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. 1905 च्या स्वदेशीच्या चळवळीत विलायती साखर ह्याच न्यायाने टाकली गेली. ती हाडांच्या कोळशातून गाळून शुभ्र करीत. साखरेत हाड राहत नाही हे खरे, पण वाट तर हाडांतून गेली! ह्या भावनेस आम्ही वेडगळ म्हणणार नाही. ज्याचे शील ज्याने त्याने राखावे, आणि वाटेचा विचार करणारा माणूस क्वचित मोठ्या संकटातूनही वाचतो. अडचण एवढीच की, पूर्वी ती वाट आपल्या डोळ्यांसमोर होती. हळद कोणी शिजवली, तूप कोणी कढवले, हे ठाऊक असे. आता वाट दिसत नाही, फक्त वेष्टन दिसते. आणि वेष्टनावर वाटेचे चित्र काढणे हा स्वतंत्र धंदा झाला आहे. पाने, मडके, पाटा-वरवंटा, नऊवारी नेसलेली आजी!

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी खाद्यपदार्थांवर ‘नैसर्गिक’ हा शब्द कोठे लिहावा ह्यास बंध घातले आहेत: वनस्पती, प्राणी वा खनिज ह्यांपासून मिळालेला एकच पदार्थ, त्यात काहीही न घातलेला, खाण्यायोग्य होण्यापुरतीच क्रिया केलेला. नियम चांगला आहे, पण तो खाण्याच्या जिनसांपुरता. मेंदी त्यात बसत नाही. केसांच्या कलपांवर, आधी थोड्या जागी लावून पाहावे अशी सूचना छापावी लागते. मात्र हाताला लावायच्या मेंदीच्या आडून तेच द्रव्य आले की ती सूचना कोण वाचणार? सूनबाईंच्या त्या वेष्टनाच्या मागील बाजूस, चिकटवलेल्या किमतीच्या खाली, ‘पी. पी. डी.’ अशी तीन अक्षरे होती. चिरंजीवांस ती पाहताक्षणी कळली. पण ती त्यांना दाखविली गेली ती फोड आल्यानंतर. “घरात विचारायला माणूस होते,” सूनबाई हलकेच म्हणाल्या, “पण पाने छापली होती ना, म्हणून विचारावेसे वाटले नाही. पाने नसती तर भावोजींना विचारले असते.” आम्हांस तरी त्या दिवशीचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच वाटले.

संध्याकाळी आरतीची वेळ झाली आणि एक पेच पडला. कापूर कोणत्या ढिगात? आत्यांनी तो अर्थातच पहिल्यात ठेवला होता. एके काळी कापूर जपानातील व फॉर्मोसातील झाडांच्या लाकडातून काढीत. आज आपण जाळतो तो बहुतेक सर्व पाइनच्या राळेपासून निघणाऱ्या टर्पेंटाइनवर रासायनिक क्रिया करून होतो. रेणू तोच, वास तोच, ज्योतही तशीच. झाडाचा कापूर ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवितो आणि कारखान्याचा वळवीत नाही, एवढाच काय तो भेद. आणि तो पाहण्यास उपकरण लागते. हे सर्व चिरंजीवांनी सांगितले, पण सांगताना आरतीचे तबक त्यांच्याच हातात होते. आत्यांनी क्षणभर विचार केला.

“तुझ्या कारखान्यात होतो का रे?”

“नाही, पण माझ्यासारखाच कोणीतरी करतो.”

“मग लाव,” त्या म्हणाल्या.

रात्री झोपण्यापूर्वी आम्ही माजघरात डोकावलो तेव्हा दोनांचे तीन ढीग झाले होते. तिसरा सर्वांत मोठा. त्यातील जिनसा पाठीमागची बाजू वर करून मांडलेल्या होत्या, आणि चिरंजीव भिंग घेऊन एकेकीवरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचीत होते, सूनबाई वहीत टिपून घेत होत्या. दोन तेले, एक मधाची बाटली व एक साबण बाद झाले; त्यांपैकी तिहींवर पाने होती. पिवळ्या गुळाची ढेप कोठेच दिसेना. दुसऱ्या दिवशी द्वादशीच्या पारण्यास पुरण होते, आणि त्याच्या रंगावरून आमचा आपला एक तर्क आहे.